जॉर्ज डॅनियल्स : हुन्नर लिहून ठेवणारा घडीसाज

२०१० साली आइल ऑफ मॅन बेटावरून एका मनगटी घड्याळाची घोषणा झाली. इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रातलं हे छोटं बेट. घोषणा करणारे जॉर्ज डॅनियल्स तेव्हा चौऱ्याऐंशीच्या घरात होते. घड्याळाचं नाव ‘अ‍ॅनिव्हर्सरी’. पिवळ्या सोन्याची पेटी, चांदीची तबकडी, तबकडीवर हाताने फिरवायच्या यंत्रावर कोरलेली बारीक नक्षी आणि आत चावीवर चालणारं मशीन. बॅटरी नाही, इलेक्ट्रॉनिक असं काहीच नाही. अशी एकूण ३५ घड्याळं करायचं ठरलं, कारण डॅनियल्स यांच्या एका शोधाला तेव्हा ३५ वर्षं होत होती.

पुढच्याच वर्षी, २१ ऑक्टोबर २०११ रोजी, डॅनियल्स वारले. घड्याळांचं काम मात्र थांबलं नाही. त्यांचे शागिर्द रॉजर स्मिथ यांनी त्याच बेटावरच्या आपल्या कारखान्यात ते पुढे नेलं.

महागड्या घड्याळांचा मला शौक नाही आणि ऐपतही नाही. डॅनियल्स यांनी केलेलं एक खिशातलं घड्याळ २०१९ साली लंडनमध्ये सदबीजच्या लिलावात ३६ लाख पौंडांना गेलं. असल्या आकड्यांवर बोलणारे दुसरे पुष्कळ आहेत. मला या गोष्टीत रस वाटला तो एका साध्या कारणाने. इथे उस्ताद गेला आणि त्याच्याबरोबर त्याचं काम गेलं नाही. आपल्याकडच्या किती कारागिरांबद्दल असं म्हणता येईल? हा प्रश्न मनात ठेवूनच मी डॅनियल्स यांची गोष्ट वाचत गेलो आणि तशीच ती इथे सांगतो आहे.

गादीच्या कारखान्यातला पोरगा

डॅनियल्स यांचा जन्म १९ ऑगस्ट १९२६ रोजी इंग्लंडमधल्या सुंदरलंड शहरात झाला. बालपण लंडनच्या उत्तरेकडच्या एजवेअर भागात गेलं. अकरा भावंडं, वडिलांना दारूचं व्यसन आणि घरात कायमची ओढाताण. पाचेक वर्षांचे असताना त्यांनी एक स्वस्तातलं घड्याळ ब्रेड कापायच्या सुरीने उघडून पाहिलं. आतली फिरणारी चाकं पाहून पोरगं हरखून गेलं. आपल्याला आयुष्यभर हेच करायचं आहे हे त्याच दिवशी कळलं, असं ते पुढे सांगत.

पण आवड असणं वेगळं आणि त्या वाटेवर पाऊल पडणं वेगळं. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि ते गाद्या बनवणाऱ्या कारखान्यात कामाला लागले. १९४४ ते १९४७ सैन्यात होते. तिथे बरोबरच्या सैनिकांची बंद पडलेली घड्याळं दुरुस्त करून द्यायचे. सैन्यातून सुटताना मिळालेल्या पैशांतून त्यांनी हत्यारं घेतली. दिवसा दुरुस्तीचं काम आणि संध्याकाळी क्लर्कनवेलच्या नॉर्दम्प्टन इन्स्टिट्यूटमध्ये घड्याळशास्त्राचे वर्ग, असं बरीच वर्षं चाललं. १९६० साली त्यांनी लंडनमध्ये स्वतःचं दुकान टाकलं.

हे तपशील मी मुद्दाम देतो आहे. घरंदाज कारागिराचा मुलगा, बापाच्या मांडीवर बसून शिकलेला, असं त्यांच्याबाबत काही नव्हतं. त्यांना हा हुन्नर वारशात मिळाला नव्हता. जे मिळालं ते रात्रीच्या वर्गातून, जुन्या घड्याळांतून आणि पुस्तकांतून.

शंभर हातांचा धंदा

क्लर्कनवेल हे लंडनमधल्या घड्याळवाल्यांचं जुनं ठाणं. अठराव्या शतकात इंग्लंडचं घड्याळ जगात पहिलं मानलं जाई. भर समुद्रात जहाज पूर्व-पश्चिम कुठे आहे हे कळावं म्हणून अचूक घड्याळ हवं होतं, ते जॉन हॅरिसन यांनी इथेच बनवलं. १७६१ साली त्यांचं चौथं घड्याळ जमैकाच्या सफरीवर निघालं. आजही बहुतेक चावीच्या घड्याळांत जी ‘लिव्हर’ यंत्रणा असते, ती थॉमस मज यांनी १७५० च्या दशकात लंडनमध्येच शोधली.

घड्याळावर नाव एकाचं असलं, तरी ते बनवायला अनेक हात लागत. लँकशायरमधल्या प्रेस्कॉट गावात मशीनचा कच्चा सांगाडा तयार व्हायचा. मग लंडनमध्ये कुणी चाकांना दात पाडायचा, कुणी स्प्रिंग घडवायचा, कुणी पेटी, कुणी काटे, कुणी तबकडी. प्रत्येकाला आपापलं काम येई. शेजारच्या खोलीतला माणूस काय करतो, हे त्याला माहीत असायचंच असं नाही. आपल्याकडच्या मागावरच्या धंद्यात सूत भरणारा, रंगारी, ताणा लावणारा आणि विणकर वेगवेगळे असत, तसंच हे.

या व्यवस्थेत काम झपाट्याने व्हायचं, पण एक धोका होता. साखळीतली एक कडी तुटली की बाकीच्यांचं शिकलेलं वाया जायचं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत आणि स्वित्झर्लंडमध्ये यंत्रावर बनलेली स्वस्त घड्याळं आली आणि इंग्लंडमधली ही साखळी कडीकडीने तुटत गेली. डॅनियल्स क्लर्कनवेलमध्ये शिकायला आले तोवर तिथे दुरुस्ती करणारे पुष्कळ होते. संपूर्ण घड्याळ नव्याने घडवणारा माणूस मात्र शोधून सापडणं कठीण झालं होतं.

या धंद्यात जुन्या काळी ३४ वेगवेगळी कसबं मोजली जात. डॅनियल्स यांनी त्यांतली ३२ एकट्याने हस्तगत केली, असं सांगितलं जातं. म्हणजे पितळेचा पत्रा आणि पोलादाची सळई घेऊन बसायचं आणि पेटीपासून काट्यांपर्यंत जवळजवळ सगळं स्वतः बनवून उठायचं. अशी त्यांनी स्वतःच्या हाताने पूर्ण केलेली घड्याळं आयुष्यभरात चाळीसही भरत नाहीत.

हे सगळं शिकवणारा उस्ताद हयात नव्हता, म्हणून त्यांनी दीडशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाला उस्ताद केलं. अब्राहम-लुई ब्रेगे हा स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला, पॅरिसमध्ये १७७५ साली दुकान थाटलेला घड्याळजी. सॅम क्लटन नावाच्या जाणकार संग्राहकामुळे डॅनियल्स यांच्या हाती ब्रेगेची घड्याळं दुरुस्तीला येऊ लागली. एकेक घड्याळ सुटं करायचं, गेलेला भाग जुन्यासारखाच नव्याने बनवायचा, परत जोडायचं. असं करता करता ब्रेगेने कोणतं काम कसं केलं असेल ते त्यांना उमगत गेलं. १९६९ साली त्यांनी स्वतःचं पहिलं घड्याळ पूर्ण केलं. १९७५ साली ब्रेगेच्या कामावर त्यांचा मोठा ग्रंथ आला.

त्याच वर्षी टोकियोत

१९६९ हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याच वर्षी २५ डिसेंबरला टोकियोत सेइको कंपनीने ‘अ‍ॅस्ट्रॉन’ हे जगातलं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणलं. बॅटरीच्या विजेवर थरथरणारा गारगोटीचा स्फटिक आता वेळ मोजू लागला. आजच्या साध्या क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. चावीचं उत्तमातलं उत्तम घड्याळही त्याच्या अचूकपणापुढे टिकत नाही आणि किमतीतही टिकत नाही.

स्वित्झर्लंडमध्ये १९७० च्या सुमाराला घड्याळधंद्यावर सुमारे ९० हजार लोकांची रोजी होती. पंधरा-एक वर्षांत ती एक तृतीयांशावर आली. कारखाने बंद पडले. जुनी यंत्रं भंगारात निघाली.

आपल्याकडे हाच बदल थोडा उशिरा आला. जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने एचएमटीने १९६१ साली बंगळूरमध्ये चावीची घड्याळं बनवायला सुरुवात केली. ‘जनता’ आणि ‘पायलट’ ही नावं वडीलधाऱ्यांना आजही आठवतील. निकाहात नवऱ्यामुलाला एचएमटी देणं म्हणजे सासऱ्याची इज्जत राखली गेली, असं समजलं जाई. आमच्या तालुक्याच्या गावात मशिदीच्या वाटेवर एक घडीसाज चाचा लाकडी टपरीत बसायचे. डोळ्याला काळं भिंग, समोर काचेच्या वाट्यांत बुडवलेली चाकं. लोक घड्याळ ‘ऑइलिंगला टाकायचे’ आणि चार दिवसांनी न्यायला यायचे. क्वार्ट्झ आल्यावर चाचांकडे फक्त बॅटरी आणि पट्टे बदलायला गिऱ्हाईक उरलं. त्यांच्या मुलांनी पुढे मोबाईलचं दुकान काढलं आणि त्यात चूक काही नव्हतं, पोट तर भरायला हवं. एचएमटीची घड्याळ कंपनी २०१६ साली बंद झाली.

अशा काळात एक माणूस लंडनमध्ये बसून चावीचं घड्याळ अजून कसं सुधारता येईल याचा विचार करत होता. लोकांना तो वेडा वाटला असेल, तर त्यांना दोष देता येत नाही.

तेलाचं दुखणं

घड्याळ ऑइलिंगला का टाकावं लागायचं, हे कळलं की डॅनियल्स यांचा शोध कळतो.

चावी दिली की आतली मोठी स्प्रिंग गुंडाळली जाते. ती उलगडायला बघते आणि चाकांची रांग फिरवते. तिला मोकळं सोडलं तर ती बघता बघता उलगडून संपेल. म्हणून शेवटच्या चाकापाशी एक फाटक असतं. बॅलन्स नावाचं चाक केसासारख्या बारीक स्प्रिंगवर मागेपुढे झुलत असतं. त्याच्या प्रत्येक झोक्याला फाटक उघडतं, चाकाचा एक टप्पा सुटतो आणि फाटक पुन्हा लागतं. सुटता सुटता चाकाचा दात बॅलन्सला हलका धक्का देतो, म्हणून त्याचा झोका थांबत नाही. आपण जी टिकटिक ऐकतो ती या फाटकाची. घड्याळजींच्या भाषेत याला एस्केपमेंट म्हणतात. जुन्या घड्याळात ही टिकटिक सेकंदाला पाच वेळा होते, म्हणजे दिवसाला ४,३२,००० वेळा.

मज यांच्या लिव्हर यंत्रणेत चाकाचा दात माणकाच्या तिरप्या पृष्ठभागावरून घसरत जातो आणि त्या घसरण्यातून धक्का मिळतो. घसरणं आलं की घर्षण आलं, घर्षण आलं की तेल आलं. तेल ताजं असतं तोवर ठीक. काही वर्षांत ते घट्ट होतं, पसरतं, सुकतं. मग घड्याळ मागे पडू लागतं. दोनशे वर्षं मोठमोठे कारागीर या तेलाशी झगडले. तेल नको अशी यंत्रणा खुद्द ब्रेगेनेही करून पाहिली होती, पण ती सहजपणे सगळ्या घड्याळांत घालता येईल अशी नव्हती.

१९७० च्या दशकात सेथ अ‍ॅटवुड या अमेरिकी उद्योजकाने, ज्याने इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्ड इथे काळमापनाचं संग्रहालय उभारलं होतं, डॅनियल्स यांना काम दिलं. चावीच्या घड्याळात खरोखरची सुधारणा करून दाखवा, अशी त्याची मागणी होती. त्या विचारमंथनातून १९७५ च्या आसपास ‘को-अ‍ॅक्सिअल’ एस्केपमेंटची कल्पना आकाराला आली. नावाप्रमाणेच त्यात एकाच आसावर दोन दातेरी चाकं आहेत. चाक अडवायचं काम आणि धक्का द्यायचं काम त्यांनी वेगळं केलं. धक्का आता लांबवर घसरत दिला जात नाही, तो थोडक्यात आणि जवळजवळ सरळ दिला जातो. झोपाळ्याला तळवा घासत ढकलणं आणि नेमक्या क्षणी नीट ढकलणं यात जो फरक आहे, तोच इथे. तेल पूर्ण टळत नाही, पण धक्क्याच्या जागी त्याची गरज खूप कमी होते.

१९८० साली त्यांनी पेटंट घेतलं. नंतर स्विस कंपन्यांचे उंबरे झिजवणं सुरू झालं. डॅनियल्स यांनी त्या कंपन्यांच्याच घड्याळांत आपली यंत्रणा बसवून त्यांना दाखवली. कुणी कौतुक केलं, कुणी काही वर्षं तपासून पाहिलं, पण कारखान्यात हजारोंनी बनवायची जोखीम घ्यायला कुणी तयार होईना. शेवटी ओमेगाने ती स्वीकारली आणि १९९९ साली को-अ‍ॅक्सिअल असलेलं पहिलं घड्याळ बाजारात आणलं. पेटंटच्या हक्काची बहुतेक मुदत नकार ऐकण्यातच गेली होती. आज ओमेगाच्या बहुतेक चावीच्या आणि ऑटोमॅटिक घड्याळांत हीच यंत्रणा चालते.

गुपित न ठेवलेलं पुस्तक

माझ्या मते डॅनियल्स यांचं सगळ्यात मोठं काम मात्र सोन्याच्या पेटीत बंद नाही. १९८१ साली त्यांनी ‘वॉचमेकिंग’ नावाचं पुस्तक छापलं. हत्यारं कोणती घ्यावीत, टेबल किती उंच असावं, पोलाद कसं तापवावं आणि कसं थंड करावं, चाकाला दात कसे पाडावेत, आस कसा घासावा, एस्केपमेंट कशी आखावी, इथपासून पूर्ण घड्याळापर्यंतचं सगळं त्यात आकृत्यांसह आलं. तीस वर्षं घासून मिळवलेलं त्यांनी पुस्तकाची किंमत मोजणाऱ्या कुणाच्याही हाती दिलं.

पेटंट घेणारा माणूस गुपितं वाटतो, हे कुणाला विसंगत वाटेल. पण पेटंट म्हणजे गुपित नव्हे. पेटंटमध्ये ठरावीक मुदतीचा हक्क मिळतो आणि त्या बदल्यात आपली युक्ती जगापुढे लिहून मांडावी लागते. डॅनियल्स यांनी दोन्हीकडे लिहून ठेवण्याचाच रस्ता धरला.

हे पुस्तक वाचणाऱ्यांत रॉजर स्मिथ नावाचा बोल्टनचा एक मुलगा होता. १९७० साली जन्मलेला, मँचेस्टरच्या घड्याळशाळेत शिकलेला. तिथे डॅनियल्स एकदा भाषणाला आले आणि हा मुलगा भारावला. पुस्तक पुढ्यात ठेवून त्याने दीडेक वर्षांत एक खिशातलं घड्याळ बनवलं आणि ते घेऊन आइल ऑफ मॅनला गेला. डॅनियल्स यांनी ते नापास केलं. घड्याळ चालत होतं, पण ते हाताने केलेलं आहे हे दिसत होतं. त्यांच्या लेखी घड्याळावर करणाऱ्याच्या हाताची खूण दिसता कामा नये. जणू ते आपोआप घडलं, इतकं ते साफ असलं पाहिजे.

स्मिथने परत जाऊन दुसरं घड्याळ सुरू केलं. एकेक भाग केला, पुरेसा चांगला झाला नाही म्हणून टाकला, पुन्हा केला. त्यात पाच वर्षं गेली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ते दुसरं घड्याळ डॅनियल्स यांनी भिंगाखाली तपासलं. प्रत्येक भाग कुणी केला ते विचारलं. प्रत्येक वेळी उत्तर एकच आलं, की मी केला. तेव्हा त्यांनी त्याला घड्याळजी म्हणून मान्यता दिली आणि लवकरच कामाला बेटावर बोलावून घेतलं. २००१ साली स्मिथने तिथेच स्वतःचा कारखाना उभा केला. सुरुवातीला सांगितलेली ३५ घड्याळं याच शागिर्दाच्या हाती सोपवली गेली.

यातून दोन गोष्टी दिसतात. पुस्तक नसतं तर स्मिथ त्या दारापर्यंत पोचलाच नसता. आणि नुसतं पुस्तक पुरेसं असतं तर पहिलंच घड्याळ पास झालं असतं. लिहिलेलं ज्ञान दार उघडतं, पण ‘हे अजून झालं नाही’ असं तोंडावर सांगणारा माणूसही लागतो.

जेरुसलेमची चोरी

लिहून ठेवण्याची किंमत दाखवणारी आणखी एक गोष्ट डॅनियल्स यांच्याच आयुष्यात आहे. ती घडली एका इस्लामी कलेच्या संग्रहालयात.

जेरुसलेममध्ये एल. ए. मायर यांच्या नावाने इस्लामी कलेचं संग्रहालय आहे. ते १९७४ साली उघडलं. व्हेरा सॉलोमन्स या ज्यू बाईंनी आपले गुरू, इस्लामी कलेचे अभ्यासक प्राध्यापक मायर यांच्या स्मरणार्थ ते उभारलं. बाईंचे वडील सर डेव्हिड सॉलोमन्स ब्रेगेच्या घड्याळांचे मोठे संग्राहक होते. त्यामुळे कुराणाची हस्तलिखितं, मातीची भांडी आणि गालिचे यांच्या शेजारीच युरोपातल्या दुर्मिळ घड्याळांचं दालन थाटलं गेलं. त्यात ब्रेगेचं ‘क्रमांक १६०’ होतं. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्यासाठी १७८३ साली मागवलेलं हे घड्याळ १८२७ साली पूर्ण झालं. तोवर राणीचा शिरच्छेद होऊन ३४ वर्षं झाली होती आणि ब्रेगेही हयात नव्हता.

या संग्रहाची तपशीलवार सूची डॅनियल्स यांनी ओहानेस मार्कारियन यांच्यासह तयार केली. ती १९८० साली प्रसिद्ध झाली. तीनच वर्षांनी, एप्रिल १९८३ मध्ये, एका रात्री चोर शिरला आणि १०६ घड्याळं घेऊन गेला. त्यात राणीचं घड्याळही होतं. २३ वर्षं त्यांचा पत्ता नव्हता. २००६ साली, चोर मेल्यानंतर, त्याच्या बायकोच्या वतीने एका वकिलामार्फत घड्याळं परत करण्याची बोलणी सुरू झाली आणि बहुतेक घड्याळं परत आली. मधल्या २३ वर्षांत ती पाहायला जगात कुठेच नव्हती. अभ्यासकांपाशी होती ती डॅनियल्स यांची नोंद.

याच काळात लंडनमध्ये आणखी एक जुनं घड्याळ पुस्तकातून उठून उभं राहिलं होतं. दियारबकरच्या आर्तुकी दरबारातले यंत्रकार अल-जझरी यांनी १२०६ साली आपला अरबी ग्रंथ पूर्ण केला. पन्नास यंत्रं, त्यांची मापं, आकृत्या आणि ती करायची कशी याची कृती त्यात आहे. सुलतानानेच त्यांना हे सगळं लिहून ठेवायला सांगितलं होतं. १९७४ साली डोनाल्ड हिल यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं. १९७६ साली लंडनमध्ये इस्लामी जगताचा महोत्सव भरला, तेव्हा सायन्स म्युझियमने त्या कृतीवरून जझरींचं भव्य जलघड्याळ पुन्हा बनवून चालवून दाखवलं. ७७० वर्षांनी.

‘आमच्याकडे सगळं आधीच होतं’ अशी बढाई मारायला मी हे सांगत नाही. जझरींचं पाण्यावरचं घड्याळ आणि मनगटावरचं लिव्हर घड्याळ यांचं घराणं वेगळं आहे. मुद्दा इतकाच, की जझरींच्या काळात आणखीही कुशल हात असतील. ज्याने लिहिलं, त्याचं यंत्र पुन्हा चाललं.

मिरजेचा तानपुरा

आता आपल्या घरात येऊ. महाराष्ट्रातला मुसलमान समाज हा मोठ्या प्रमाणात कारागिरांचा समाज आहे. मोमीन, शिकलगार, आतार, पिंजारी, मणियार, ही नावंच धंद्यांची आहेत. आपली ओळख सांगताना आपण सुलतानांचे दाखले देतो, पण बहुतेकांचे आजे-पणजे हत्यार घेऊन बसणारे होते.

मिरजेचं उदाहरण घ्या. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांचं काम संस्थानी फौजा आटल्यावर सुटलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब सतारमेकर यांनी सतार-तानपुरा बनवायला सुरुवात केली आणि धारेची सवय असलेले हात सुरांकडे वळले. पंढरपूर-मंगळवेढा भागातले भोपळे, तूनचं लाकूड आणि शेवटी घोडीवर काढलेली जवारी. ही जवारी म्हणजे सगळ्या कामाचा प्राण. घोडीचा माथा कानसेने इतका बारीक घासायचा, की तार त्याला जेमतेम स्पर्श करत गुंजेल. केसाइतकं जास्त घासलं तर सूर बसतो. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्यासारखे गवई ज्या गावात राहिले, तिथल्या कारागिराला कान तयार करावाच लागे. २०२४ साली मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ही आनंदाची गोष्ट आहे.

तानपुऱ्याचं क्वार्ट्झही येऊन गेलं आहे. आधी इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची पेटी आली, मग मोबाईलवर फुकटचं अ‍ॅप आलं. शिकणाऱ्या पोरांना ते पुरतं. मानांकनाने नाव जपलं जाईल, पण जवारी कशी काढायची हे मानांकनाच्या कागदावर लिहिलेलं नसतं. ते बापाच्या बोटात आणि मुलाच्या कानात असतं. मुलगा दुसऱ्या धंद्यात गेला, की तिथेच संपतं.

‘हुन्नर घराबाहेर जाऊ द्यायचा नाही’ ही आपल्या कारागिरांची जुनी शिकवण. तिच्यामागे लबाडी नव्हती. भाकरी त्या गुपितावर होती आणि कायद्याचं संरक्षण कुणाला नव्हतं. डॅनियल्स यांना पेटंट होतं, श्रीमंत संग्राहक होते, छापणारा प्रकाशक होता. आपल्या कारागिराला यातलं काय मिळालं? तेव्हा ‘त्यांनी लिहिलं, तुम्ही का नाही’ असा सवाल त्याला करणं अन्यायाचं होईल. सवाल आपल्यासारख्या लिहिता-वाचता येणाऱ्यांना आहे. आपल्या घरातली पहिली-दुसरी पिढी शिकली, हातात पेन आलं, मोबाईलचा कॅमेरा आला. घरातल्या म्हाताऱ्या कारागिराजवळ बसून, तो काय करतो आणि का करतो हे मापांसह उतरवून घेणं आपल्याला जमण्यासारखं आहे. तेवढ्याने धंदा परत येणार नाही, ती आशा मी दाखवत नाही. पण कधी कुणाला पुन्हा सुरू करावंसं वाटलं, तर त्याला सुरुवातीची पाटी कोरी मिळणार नाही.

डॅनियल्स यांनी मागे ठेवलेल्या मालमत्तेची व्यवस्थाही याच धोरणाने झाली. त्यांच्या मृत्यूनंतर २०१२ साली त्यांची घड्याळं आणि जुन्या मोटारी लिलावात विकल्या गेल्या. ते पैसे त्यांच्या नावाच्या शैक्षणिक न्यासाकडे गेले. घड्याळशास्त्र, अभियांत्रिकी, वैद्यक आणि बांधकाम शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यातून मदत मिळते. ज्या नॉर्दम्प्टन इन्स्टिट्यूटच्या रात्रीच्या वर्गात ते शिकले, ती संस्था पुढे लंडनचं सिटी विद्यापीठ झाली. गादीच्या कारखान्यातून आलेल्या पोराला एकेकाळी जिथे रात्री शिकायला जागा मिळाली, तिथे आज त्याच्या पैशांवर दुसरी पोरं शिकतात.